बहिणाबाईंची चाल बदला, बोली नको

शाळांच्या गीतगायन स्पर्धेत आमच्या शाळेची आठवीतली मुलगी बहिणाबाईंचं ‘मन वढाय वढाय’ म्हणत होती. पेटीवर मी होते. मुलगी शेतकऱ्याच्या घरातली, घरी आमची जळगावकडची लेवा बोली बोलणारी. पहिली दोन कडवी नीट झाली. मग ती पाखराच्या कडव्याला आली: ‘मन पाखरू पाखरू, त्याची काय सांगू मात, आता व्हतं भुईवर, गेलं गेलं आभायात.’ शेवटच्या शब्दावर तिनं आवाज असा मोकळा सोडला की मागच्या रांगेतली चुळबुळ थांबली. माझी बोटं क्षणभर पट्ट्यांवर तशीच राहिली.

संध्याकाळी गुणपत्रिका मिळाली. सूर, ताल, सादरीकरण, सगळीकडे चांगले गुण होते. उच्चारांपुढे मात्र दहापैकी चार, आणि शेजारी शेरा: ‘आभाळात असे म्हणावे. ण आणि ळ सुधारावेत.’

मुलीनं कागद दोनदा वाचला. मग मला विचारलं, “मॅडम, पुस्तकात तर आभायातच हाये ना?”

पुस्तकात ‘आभायात’च आहे. तो शेरा लिहिणाऱ्यावर माझा राग नाही, कारण त्यांचा कान तुमच्या-माझ्या कानासारखाच घडलेला आहे. आपल्यापैकी बहुतेकांना बहिणाबाई छापील पानावर भेटण्याआधी गाण्यातून भेटल्या, आणि सभासंमेलनांत, स्नेहसंमेलनांत, टीव्हीवरच्या स्पर्धांत ही गाणी जो तो आपापल्या प्रमाण जिभेनं म्हणत आला. होता होता बहिणाबाईंचीच बोली बहिणाबाईंच्याच गाण्यात चूक ठरू लागली. हे मला मान्य नाही. कवी हयात नसताना त्याच्या बोलीतल्या कवितेला कुणी चाल लावली, तर राग, ताल, वाद्यं, ठाय की दुगुन, म्हणजे लय संथ की दुप्पट, हे सगळं त्या संगीतकाराचं. उच्चार त्याचे नाहीत. ते कवीचे आहेत, आणि त्यांना हात लावण्याचा हक्क कुणालाच नाही.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या आसोदे गावचा. महाजनांची लेक तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरात आली आणि तिशीत विधवा झाली. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, चुलीपुढे, शेतात काम करता करता जे सुचलं ते त्यांनी तोंडानं म्हटलं. मुलगा सोपानदेव, जे स्वतः कवी होते, आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यातलं जमेल तेवढं वहीत उतरवून घेतलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी सोनं ओळखलं, आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. हयातीत त्यांनी आपलं पुस्तक पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी त्यांना ते वाचता आलं नसतं.

त्या संग्रहाचं नाव आपण इतक्या वेळा घेतो की त्यातला शब्द ऐकू येईनासा झाला आहे. ‘बहिणाबाईंची गाणी’. पुस्तकाला नाव देणाऱ्यांनी त्यांना कविता म्हटलं नाही, कारण घरातल्या माणसांनी ती ऐकली होती ती गाणी म्हणून. म्हणजे या रचनांना चाल होती. जात्याची म्हणा, ओवीच्या वळणाची म्हणा, पण होती. वहीत शब्द उतरले, चाल उतरली नाही. म्हणून आज कुणी संगीतकार बहिणाबाईंना चाल लावतो तेव्हा तो मुक्या शब्दांना आवाज देत नसतो. एक चाल विरून गेली, त्या जागी तो दुसरी ठेवतो. काम मोलाचं आहे, पण ते दुसऱ्याच्या घरात राहायला जाण्यासारखं आहे, आणि घरमालकीण आता नाही.

पहिली चाल गेल्यावर त्या गळ्याचं काय उरलं? उरली ती अक्षरं. ‘माले’, ‘झाडाले’, ‘म्हनू नही’, ‘आभायात’, ‘पुशीसनी’. लिहून घेणाऱ्यांनी ही रूपं बऱ्याच ठिकाणी जशीच्या तशी ठेवली, हे त्यांचे आपल्यावरचे मोठे उपकार आहेत. सोपानदेव शिकलेले, प्रमाण मराठीत कविता लिहिणारे. त्यांना ‘आभाळात’ लिहिणं सहज शक्य होतं, किंबहुना त्या काळच्या साहित्यिक वर्तुळात तेच शोभलं असतं. त्यांनी आईची जीभ राखली. आपण ती गाताना पुसतो, तेव्हा मुलानं वाचवलेलं आपण घालवतो.

संसाराच्या गाण्यातलं एक कडवं घ्या. ‘अरे संसार संसार, खोटा कधी म्हनू नही, राउळाच्या कयसाले लोटा कधी म्हनू नही.’ देवळाच्या कळसाला लोटा म्हणू नका, असं ती बाई सांगते. ‘कयसाले’ या एका शब्दात बोलीचे दोन नियम बसले आहेत. ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून कळस तो कयस. आणि ‘ला’ या प्रत्ययाच्या जागी ‘ले’ येतो. डोळा तो डोया, सकाळ ती सकाय, आणि आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जळगावचंही जयगाव होतं. हा अडाणीपणा नाही, जिभेचा ढिलेपणाही नाही. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक माणसाकडून, पिढ्यान्‌पिढ्या त्याच रीतीनं होणारा बदल म्हणजे व्याकरण. ‘वढाय’ हा शब्दसुद्धा याच नियमानं आला आहे. ओढाळ ढोर, म्हणजे हाकललं तरी पुन्हा पुन्हा दुसऱ्याच्या पिकात शिरणारं. ओढाळचं बोलीतलं रूप वढाय. गंमत अशी की ज्यांना ‘आभायात’ खटकतं त्यांना त्याच गाण्याच्या पहिल्या ओळीतलं ‘वढाय’ कधी खटकत नाही, कारण त्याचा अर्थच माहीत नसल्यामुळे ते काहीतरी कवितेतलं गोड अक्षर वाटतं. अर्थ कळला असता तर तेही सुधारून ‘ओढाळ’ केलं असतं की काय, अशी मला भीती वाटते.

आता गाण्याच्या अंगानं बघू. चाल बांधणाऱ्याला उच्चाराशी काय घेणं, असं काही वादक मित्र म्हणतात. फार घेणं आहे. ‘ळ’ म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते आणि सुटते. सुराची वाट तेवढ्यापुरती अडते. ‘य’मध्ये ती अडत नाही. ‘आभाळात’ म्हणा आणि ‘आभायात’ म्हणा, दोन्ही एका मींडेत घेऊन बघा. ‘भा’वरून ‘या’वर आवाज न तुटता घसरतो. पाखरू भुईवरून उडालं आणि दिसेनासं झालं, हे त्या एका ‘य’त ऐकू येतं. त्या आठवीतल्या मुलीनं नेमकं हेच केलं होतं, कुणी न शिकवता. कारण तिला ते शिकवायची गरज नव्हती, तो तिच्या घरातला शब्द होता.

यमकंही अशीच बोलीवर उभी आहेत. ‘मन एवढं एवढं, जसा खाकसचा दाना, मन केवढं केवढं, आभायात बी मायेना.’ दाना आणि मायेना. यातला ‘दाना’ सुधारून ‘दाणा’ केला, ‘मायेना’चं ‘मावेना’ केलं, की न-नाची जोडी तुटते. अर्थ तोच राहतो, पण कडव्याच्या शेवटी पाऊल ज्या फरशीवर पडायचं ती फरशीच हलते. संगीतकारानं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून ठेवायचं अक्षर हेच असतं. तिथंच खोट राहिली तर वरच्या व्हायोलिननं ती भरून निघत नाही.

छंदाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण तिथं संगीतकार एका सोप्या सापळ्यात अडकतात. ‘अरे संसार संसार’ मोजा: आठ अक्षरं. ‘जसा तवा चुल्ह्यावर’: आठ. ‘अरे खोप्यामधी खोपा’, ‘माझी माय सरसोती’, ‘मन वढाय वढाय’, सगळीकडे आठ. केरवा तालाच्याही मात्रा आठ. मग एका मात्रेवर एक अक्षर बसवलं की चाल जवळजवळ आपोआप तयार होते, आणि ऐकायला शाळेच्या कवायतीसारखी लागते. जातं, ज्याला आमच्याकडे घरोट म्हणतात, तसं फिरत नाही. ओढताना जोर असतो, पुढे ढकलताना हात सैल पडतो, मूठभर दाणे घालताना क्षणभर थांबायला होतं. त्या श्वासात ओळ लांबते, आखडते. अक्षरं आठच, पण सगळ्यांचा काळ सारखा नाही. ज्यांना हे ऐकून शिकायचं आहे त्यांच्यासाठी सोय आहे. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या पुष्कळ बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित आहेत, आणि पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी कुणालाही ऐकता येतात. बहिणाबाईंना चाल लावायला बसणाऱ्यानं आधी महिनाभर त्या ओव्या ऐकाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या चाली उचलण्यासाठी नव्हे. दमलेला हात आणि गळा एकमेकांना कसे सांभाळतात, ते कळावं म्हणून.

याचा अर्थ आजवर चाली लावणाऱ्यांनी वाईट काम केलं, असा मुळीच नाही. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी ही गाणी घेतली आणि खानदेशाबाहेर ज्यांना आसोदे कुठे आहे हे माहीत नव्हतं त्यांच्या घरात सुगरणीचा खोपा पोहोचवला. पुढे यशवंत देवांनी चाली बांधल्या, उत्तरा केळकरांनी गायल्या, आणि त्या कॅसेटी माझ्या माहेरी अक्षरशः झिजेपर्यंत वाजल्या. माझी आजी दिवसभर शेतात, संध्याकाळी भाकरी थापता थापता ती ऐकायची. तिला ती गाणी फार आवडायची आणि तरी एक गोष्ट तिला नेहमी लागायची. कार्यक्रमातून कुणी ती गायलं की ती म्हणायची, “गानं आपलं, पन बोलनं पुन्याचं.” तक्रारीचा सूर नसायचा. सासरहून आलेल्या लेकीच्या बोलण्यात थोडा परका हेल आला की आई जशी म्हणते, तसा.

यशवंत देवांचं नाव मी मुद्दाम घेते, कारण ‘शब्दप्रधान गायकी’ हा विचार मराठी भावगीताला त्यांनीच ठामपणे दिला. चाल शब्दातून उगवली पाहिजे, शब्दाचं वजन, त्याचा श्वास, त्याचा अर्थ गायकानं आधी ओळखला पाहिजे, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं. मला वाटतं, बोलीतल्या कवितेबाबत हा विचार शेवटपर्यंत नेला तर आपण एकाच ठिकाणी पोहोचतो. शब्द प्रधान असेल तर तो शब्द ज्या तोंडातून निघाला त्या तोंडाचा उच्चारही प्रधान आहे. ‘माले’ला ‘मला’ केल्यावर उरतो तो दुसऱ्याच कुणाचा तरी शब्द.

यावर नेहमी येणारं उत्तर असं की लोकांना समजलं पाहिजे. कोल्हापूरच्या, रत्नागिरीच्या माणसाला कयस आणि आभाय कसं कळणार? मी यावर खूप विचार केला आहे आणि मला हे उत्तर पटत नाही. ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ ही ज्ञानदेवांची ओळ आपण शतकानुशतकं म्हणतो. ‘पलीकडे कावळा ओरडतो आहे’ असं कुणी सुधारून गात नाही, आणि तसं सुचवणाऱ्याला आपण वेड्यात काढू. मराठी घरातले गायक बंदिशी म्हणताना ब्रजचे शब्द किती जपून म्हणतात! ‘मोरे’, ‘सैंया’, ‘बालमवा’ यांचे उच्चार गुरू पुन्हा पुन्हा घोटून घेतात. कुमार गंधर्व देवासला राहायला गेले, आजारपणात खिडकीबाहेरची माळव्याची लोकगीतं ऐकली, ती लिहून घेतली, त्यांच्या धुनांतून राग बांधले, आणि माळवी गाताना माळवीच गायले. बेळगावकडच्या कानडी घरात जन्मलेला माणूस माळवी बोलीपुढे इतका नम्र होऊ शकतो. मग जुन्या संताची भाषा आणि दूरच्या मुलखाची बोली आपण कौतुकानं शिकतो, आणि आपल्याच राज्यातल्या एका कुणब्याच्या घरातल्या बाईची बोली तेवढी सुधारायला घेतो, याचं कारण मला एकच दिसतं. ज्ञानदेवांची मराठी जुनी आहे म्हणून ती थोर. बहिणाबाईंची मराठी जवळची आहे, शेतात राबणाऱ्यांची आहे, बाईची आहे, म्हणून ती अशुद्ध. समजण्याचा प्रश्न वरवरचा आहे. खरा प्रश्न आपण कुणापुढे वाकतो हा आहे.

आणि न समजण्याचा बाऊ तरी किती करायचा? ज्याला ‘कयस’ कळत नाही त्याला राऊळ कळतं, लोटा कळतो. गाणं दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा तो शब्द आपला होतो. ‘सुगरण’ हा पक्षीही कितीजणांनी आधी पाहिला होता?

उलट बाजूची एक चूकही आहे, आणि तिच्यावर बोललं नाही तर माझं म्हणणं अर्धं राहील. काही जण बोली राखायची म्हणून ती नको तितकी ठसवतात. प्रत्येक ‘य’वर जोर, प्रत्येक ‘ले’ला हिसका, नाकात आवाज, मागे घुंगरू आणि तुणतुणं, गायिकेच्या कपाळावर मोठं कुंकू. नाटकासिनेमांनी खेड्यातलं बोलणं वर्षानुवर्षं हशासाठी वापरलं, त्याचीच ही सवय आहे. बहिणाबाई बोली ‘करत’ नव्हत्या. ती त्यांची भाषा होती, त्यात त्या देवाशी बोलल्या, नशिबाशी भांडल्या. ‘लपे करमाची रेखा, माझ्या कुंकवाच्या खाली, पुशीसनी गेलं कुंकू, रेखा उघडी पडली’ हे गाणाऱ्या बाईनं ‘पुशीसनी’ हा शब्द इतका साधेपणानं म्हटला पाहिजे की ऐकणाऱ्याचं लक्ष शब्दाच्या वेगळेपणाकडे जाऊच नये, पुसलेल्या कुंकवाकडे जावं. पुसून गेलेलं, म्हणजे पुशीसनी गेलेलं. त्या ‘सनी’त जो जरासा लांबलेला काळ आहे, तो ‘पुसून’मध्ये नाही. मला या कडव्याला कुठलंही वाद्य नको वाटतं.

अजून एक घोळ मोडायला हवा. सगळीकडे सर्रास म्हणतात की बहिणाबाई अहिराणीत लिहीत. आमच्या भागात हे ऐकून लेवा लोकही चिडतात आणि अहिराणी लोकही. अहिराणीत ‘माझी आई’ ही ‘मनी माय’ होते. बहिणाबाई म्हणतात ‘माझी माय सरसोती, माले शिकवते बोली.’ ही लेवा गणबोली आहे, खानदेशातलीच, पण वेगळी. म्हणजे एखाद्या मेहनती गायिकेनं धुळ्याकडच्या माणसाकडून अहिराणी शिकून ही गाणी म्हटली तरी ती चुकेल, मनापासून चुकेल. बोलीला ‘ग्रामीण’ या एका पोत्यात भरलं की असं होतं.

आता खुद्द छापील पाठाबद्दल. तो निखळ नाही, हे मी बोलीची बाजू घेतानाच सांगायला हवं. संसाराच्या त्याच गाण्यात ‘हाताला चटके’ आणि ‘मिळते भाकर’ अशी प्रमाण रूपं छापलेली आहेत आणि पुढच्याच कडव्यात ‘कयसाले’ आहे. सुगरणीच्या गाण्यात झोका कधी ‘झाडाले’ टांगलेला ऐकू येतो, कधी ‘झाडाला’. लिहून घेणाऱ्यांच्या हातून, छापखान्यात, पुढच्या आवृत्त्यांत कुठं कुठं घडी बसत गेली. म्हणून कुणी विचारेल की मग खरी बोली कोणती? मला यातून उलटाच निष्कर्ष काढावासा वाटतो. पुस्तक एकटं पुरणार नाही म्हणूनच ती बोली आजही बोलणाऱ्या माणसांकडे गेलं पाहिजे. छापलेलं ‘हाताला’ बदलून ‘हाताले’ करा, असं मी म्हणत नाही. कवीच्या छापलेल्या ओळीत भर घालण्याचा हक्क मलाही नाही. पण जिथं ‘कयसाले’ छापलं आहे तिथं ते कसं म्हणतात, ‘चुल्ह्यावर’मधला ‘ल्ह’ किती हलका येतो, ‘पान्यावऱ्हल्या’ एका श्वासात कसं सुटतं, हे कुठल्याही कोशातून कळत नाही. ते भादली, आसोदे, यावल, फैजपूरकडच्या ओसरीवर बसूनच कळतं.

कडव्यांच्या निवडीबद्दल थोडक्यात. ‘मानिनी’च्या काळच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. लांब गाण्यातली तीन-चार कडवी घेणं भागच होतं. आता ती अडचण राहिलेली नाही, तरी नवे संगीतकार पुन्हा तीच तीन कडवी घेतात. वेलावरचा खिरा, एका तोंडाला कडू आणि बाकी सगळा गोड, हे संसाराच्याच गाण्यातलं कडवं किती जणांनी गायलेलं ऐकलंय? बिब्ब्याचं, गळ्यातल्या हाराला लोढणं म्हणू नको सांगणारं? पूर्ण गाणं चालीत बांधायला घेतलं की संगीतकाराला कळेल की कडव्यामागून कडवं ‘संसार संसार’नंच सुरू होतं, बहुतेकदा आधी ‘अरे’, पुढे कुठं ‘देखा’, कुठं ‘ऐका’. म्हणजे ध्रुवपद वेगळं काढायची गरजच नाही, ते प्रत्येक वेळी नव्या चेहऱ्यानं परत येतं.

कायद्याच्या दृष्टीनं आज या गाण्यांना कुणीही चाल लावू शकतं. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनाला आपल्याकडे प्रकाशनानंतर साठ वर्षं संरक्षण असतं, आणि १९५२ मध्ये आलेल्या गाण्यांची ती मुदत केव्हाच सरली. हे चांगलंच झालं. पण जोवर ‘मानिनी’ची गाणी होत होती तोवर सोपानदेव हयात होते, एखादा शब्द चुकला तर सांगायला कुणीतरी होतं. ना. धों. महानोरांनी ‘जैत रे जैत’ची गाणी लिहिली तेव्हा ते स्वतः संगीतकाराच्या शेजारी बसू शकत होते. बहिणाबाईंच्या बाबतीत आता विचारायला कुणी उरलं नाही. परवानगी कुणाची लागत नाही, म्हणूनच काळजी जास्त लागते.

ही काळजी एकट्यादुकट्या संगीतकारावर टाकून भागणार नाही. २०१८ मध्ये आमच्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असं नाव मिळालं. जळगावला आकाशवाणीचं केंद्र आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या सगळ्यांच्या सोबतीनं एक साधं काम व्हावं असं मला वाटतं: पूर्ण संग्रह, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, लेवा बोली बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या आवाजात नुसता वाचून ध्वनिमुद्रित करायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कुणीतरी ओळ सांगायची, त्यांनी म्हणायची, जशी ती मुळात म्हटली गेली होती. गाणं नको, वाद्य नको. तो आवाज सर्वांसाठी खुला ठेवायचा. मग पुण्यातल्या, मुंबईतल्या, न्यू जर्सीतल्या मराठी मुलीला बहिणाबाईंना चाल लावायची असेल तर ती आधी तो ऐकेल आणि मग हवी ती चाल बांधेल. पॉप बांधो, यमनमध्ये बांधो, माझी काही हरकत नाही. शाळांच्या स्पर्धांच्या परीक्षकांनाही एक ओळ लिहून देता येईल: बोलीतलं गीत असेल तर उच्चाराचे गुण बोलीच्या उच्चाराला.

सत्तरी-ऐंशीच्या बायका रोज कमी होत आहेत. त्यांच्या नातवंडांना घरी ‘माले’ म्हटलं की शाळेत हसतात, म्हणून आयाच आता मुलांशी प्रमाण बोलतात. मीही माझ्या मुलाशी तसंच बोलले, याचं मला दुःख आहे.

विद्यापीठाची वाट बघत बसण्यापेक्षा आम्ही सुरुवात केली आहे. ती आठवीतली मुलगी आता दहावीत आहे. दर रविवारी ती आणि मी तिच्या आजीकडे जातो. आजीला वाचता येत नाही. मुलगी ओळ वाचते, आजी ती म्हणते, मोबाइल खाटेवर ठेवलेला असतो. कधी आजी मध्येच थांबून सांगते, “असं नही म्हनत बाई,” आणि ओळ आपल्या हेलानं पुन्हा म्हणते. आम्ही दोन्ही ठेवतो. अकरा गाणी झाली. आता कपाशीची वेचणी लागली आहे, आजीला वेळ नाही. उरलेली दिवाळीनंतर.